रोगी मांजर पदरीं घ्यावें काय?

घरांत वर्षानुवर्षें वाढविलेलें मुकें जनावर मेलें म्हणजे त्या घरच्या माणसांस जें दुःख होतें त्याची थट्टा करण्याची चाल सर्वत्र आहे. 'मांजर तें मांजर, त्याचें एवढें काय?' असें शेजारी म्हणतात, आणि दुःख करणारा मनुष्यहि लाजून गप्प बसतो. ही थट्टा आम्हांस योग्य वाटत नाहीं. नाथानानें दावीद राजास सांगितलेल्या दाखल्यांतील गरीब मनुष्य आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या घरीं एकच मेंढी होती, व ती त्यानें पोटच्या मुलांबरोबर वाढविली होती. तो दाखला ऐकून राजा हंसला नाहीं. त्यास संताप आला. मुक्या प्राण्यावरील माया ही हंसण्याची गोष्ट नव्हे हें त्यावेळींहि लोकांस कळत होतें.

परंतु केवळ सांत्वन करणें हा ह्या लेखाचा हेतु नाहीं. ह्या दुःखाच्या पोटीं नीतीचा एक खरा प्रश्न आहे, आणि त्याचा शांतपणें विचार केला असतां माणसांच्या संसारांतील कित्येक गोष्टींवरहि उजेड पडतो, असें आम्हांस वाटतें.

प्रश्न असा. इंग्लंड व अमेरिका ह्या देशांत बेवारशी कुत्रीं व मांजरें ठेवण्याचे आश्रम ठिकठिकाणीं आहेत. आपल्याकडील पांजरपोळांशीं त्यांचें साम्य आहे, तथापि एक भेद आहे. पांजरपोळांत आलेलें जनावर बहुधा तेथेंच शेवटपर्यंत राहतें. ह्या आश्रमांत मात्र आलेल्या जनावरास नवें घर मिळवून देणें हेंच मुख्य काम समजतात. लंडन शहरांत बॅटरसी येथें असलेला आश्रम ह्यांपैकीं फार जुना. मेरी टील्बी नांवाच्या बाईनें तो १८६० सालीं कुत्र्यांसाठीं काढिला, आणि १८८३ सालापासून तेथें मांजरांसहि आसरा मिळूं लागला. आपल्या मुंबईंतहि १८७४ सालीं जनावरांस क्रूरतेनें वागविण्यास आळा घालणारी सभा स्थापन झाली, व पुढें परळ येथें बाई साकरबाई दिनशॉ पेटिट ह्यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें.

आतां अशी कल्पना करा कीं, इंग्लंडांतील एका वृद्ध जोडप्यानें पंधरा वर्षें सांभाळलेलीं दोन मांजरें एकाच वर्षांत मेलीं. कांहीं महिन्यांनंतर तीं उभयतां अशा आश्रमांत जातात. तेथें उड्या मारणारीं पिल्लें पुष्कळ आहेत. आणि कोपऱ्यांतल्या एका पिंजऱ्यांत दहा वर्षांचा एक बोका बसला आहे. त्याला मधुमेह आहे. पहिल्या धन्यास रोज सुई टोचण्याचें काम झेपलें नाहीं, म्हणून तो येथें आला. पिल्लें न्यावयास लोक येतात आणि ह्याच्यावरची चिठ्ठी वाचून पुढें जातात. त्या जोडप्यानें ह्या बोक्यास घरीं न्यावें काय? असे प्रसंग त्या देशांत वारंवार येतात, व आमच्या मोठ्या शहरांतहि ते आतां अपरिचित राहिलेले नाहींत.

निवाडा करण्यापूर्वीं हें दुखणें काय आहे तें नीट समजून घेतलें पाहिजे. मधुमेह माणसांस होतो तसाच मांजरांसहि होतो. जठराच्या मागें स्वादुपिंड म्हणून एक इंद्रिय आहे. त्यांत इन्सुलिन नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें, व त्याच्या योगानें रक्तांतील साखर शरीराच्या कामीं लागते. इन्सुलिन कमी पडलें, किंवा शरीर त्यास दाद देईनासें झालें, म्हणजे साखर रक्तांत सांचते व लघवीवाटे जाऊं लागते. मग मांजर सारखें पाणी पितें, अधाशासारखें खातें, आणि तरी वाळत जातें. कित्येकांच्या मागल्या पायांतील बळ जाऊन तीं नेहमींप्रमाणें बोटांवर न चालतां घोटे टेकून चालूं लागतात. घरांत बसून लठ्ठ झालेल्या, खच्ची केलेल्या बोक्यांस हा रोग विशेष होतो.

ह्यावर उपाय आहे. बहुतेक रोगी मांजरांस दिवसांतून दोन वेळां, बारा बारा तासांनीं, इन्सुलिन कातडीखालीं टोचावें लागतें. सुई फार बारीक असते, व खाण्यांत गुंतलेल्या मांजरास पुष्कळदां तिचा पत्ताहि लागत नाहीं. मांजर मूळचेंच मांसाहारी, म्हणून अशा रोग्यास दूधभात घालून चालत नाहीं. मांसाचेंच अन्न त्यास हितकर असतें. रोग लवकर ओळखून नेटानें उपचार केल्यास कित्येक मांजरांची साखर ताळ्यावर येते, आणि पुढें कांहीं महिने किंवा वर्षें त्यांस इन्सुलिन लागतच नाहीं. अमेरिकेंत २०२२ व २०२३ सालीं तोंडावाटे देण्याचीं दोन नवीं औषधेंहि मान्य झालीं. परंतु तीं सर्वच मांजरांस चालत नाहींत.

धोकाहि आहे, व तो झांकून ठेवणें बरें नव्हे. मात्रा अधिक झाली, किंवा मांजरानें खाल्लें नसतांना सुई दिली, तर साखर एकदम उतरते. मांजर झोकांड्या खातें, त्यास झटके येतात. अशा वेळीं हिरड्यांस मध किंवा साखरेचें पाणी चोळून लागलींच पशुवैद्याकडे नेलें नाहीं तर तें मरतें. इन्सुलिनच्या कुप्या दर मिलिलिटरास ४० एककांच्या व १०० एककांच्या अशा दोन प्रकारच्या असतात, आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. एकीची सिरिंज दुसरीस लावली तर मात्रा अडीच पटीनें चुकते. ज्यांच्या घरीं माणसांस इन्सुलिन घ्यावें लागतें त्यांनींहि ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. सारांश, हा रोग आज उद्यां मारणारा नव्हे. तो नियमितपणा मागणारा आहे. येथें औषधाइतकेंच काम घड्याळ करितें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप स्वतः दुःखी माणसाच्या मनांतूनच उठतो. नवें मांजर आणणें म्हणजे मेलेल्यांशीं बेइमानी करणें होय, असें त्यास वाटतें. जुन्यांच्या जागीं दुसरें बसविलें म्हणजे पहिलीं केवळ चाकरीचीं होतीं असें ठरेल, अशी त्यास भीति असते.

ह्या भीतीस उत्तर म्हणून एक खरी गोष्ट सांगतों. १७५५ सालीं इंग्रजी भाषेचा प्रसिद्ध कोश छापून काढणारे डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांच्या घरीं हॉज नांवाचा बोका होता. बॉस्वेल ह्यांनीं १७९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या चरित्रांत लिहिलें आहे कीं, हॉजसाठीं कालवें विकत आणावयास जॉन्सन स्वतः बाहेर जात. नोकरांस पाठविलें तर ते त्रासून त्या गरीब प्राण्याचा राग राग करितील, अशी त्यांस धास्ती वाटे. एके दिवशीं बॉस्वेल ह्यांनीं हॉजची स्तुति केली, तेव्हां जॉन्सन बोलून गेले कीं, ह्याहूनहि आपणांस अधिक आवडलेलीं मांजरें पूर्वीं होऊन गेलीं. मग हॉजला तें ऐकून वाईट वाटलें असावें असें जणू मनांत येऊन, हाहि फार चांगला आहे, असें त्यांनीं लगेच पुन्हा पुन्हा म्हटलें. लंडनांत त्यांच्या घरासमोर १९९७ सालीं ह्या हॉजचा पुतळा बसविण्यांत आला आहे. त्याच्या पायांशीं कालवांचे शिंपले आहेत.

ह्या लहानशा गोष्टींत आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. जॉन्सन ह्यांनीं मेलेल्यांविषयीं खोटें सांगितलें नाहीं. त्यांवरचें आपलें अधिक प्रेम त्यांनीं लपविलें नाहीं. तरी जो जिवंत समोर बसला आहे त्याच्या वाट्याचें अन्न व आदर त्यांनीं कमी केला नाहीं. नव्या प्राण्यानें जुन्याची जागा भरावी अशी अपेक्षा धरली तरच बेइमानी होते, आणि ती दोघांशींहि होते. मेलेल्याची जागा त्याचीच असते. नवा येतो तो स्वतःची गरज घेऊन येतो. त्याच्यावर पहिल्याइतकें प्रेम जडेल कीं नाहीं हें कोणासहि आधीं सांगतां येणार नाहीं. परंतु त्यास वेळेवर खाऊं घालणें व सुई देणें हें आपल्या हातचें आहे.

किंबहुना आम्ही आणखी एक पाऊल पुढें जाऊन म्हणतों. पंधरा वर्षें जनावर सांभाळून त्याच्या शेवटच्या दुखण्यांत रात्रीं जागविणारा मनुष्य कांहीं विद्या शिकलेला असतो. मुक्या प्राण्याच्या चालीवरून, डोळ्यांवरून, पाण्याच्या भांड्यावरून त्याचें दुखणें ओळखणें, भीति न दाखवितां त्यास धरणें, गोळी गिळविणें, रात्रींबेरात्रीं उठणें, ह्या गोष्टी पुस्तकांतून येत नाहींत. ही विद्या मेलेल्यांनींच त्याच्या हातांत ठेविली आहे. ती पेटींत बंद करून ठेवण्यांत त्यांची आठवण राहते, कीं ज्यास तिची गरज आहे त्याच्यासाठीं वापरण्यांत राहते, ह्याचा विचार वाचकांनींच करावा. धडधाकट पिल्लू कोणीहि नेईल. रोगी बोक्यास मात्र असाच हात पाहिजे, जो आधींच शिकलेला आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. तो म्हणतो, 'एकदां रडून झालें. आतां जाणूनबुजून दुसरें रडणें घरांत कशाला आणावें? दहा वर्षांचा रोगी बोका, तो कितीसा टिकणार?' ह्या बोलण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याचा हिशेब तपासला पाहिजे. पिल्लू आणलें तरी तें धन्याच्या आधींच जाण्याचा संभव अधिक. आणि धनी फार वृद्ध असल्यास पिल्लूच मागें उरून पुन्हा आश्रमांत जाण्याची भीति. तेव्हां दुःख टाळणें हाच हेतु असेल तर कोणताच जीव घरांत आणतां कामा नये. दुःख टाळतां येत नाहीं असें ठरल्यावर मग प्रश्न इतकाच उरतो कीं, त्या दुःखाच्या मोबदल्यांत कोणाचें काय भलें झालें. पिंजऱ्यांत बसलेल्या बोक्यास वर्षें मोजतां येत नाहींत. त्यास आजची भूक, आजची तहान व आजचा हात कळतो. तीन वर्षें सुखाचीं मिळालीं तर तीं त्यास पुरीं तीन वर्षेंच आहेत. 'फक्त तीन' हें गणित माणसाचें आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि आमच्या वाचकांच्या मनांत तो केव्हांच आला असेल. गोरगरीब माणसांस औषध मिळत नाहीं, आणि मांजरावर इन्सुलिन खर्च करावयाचें? जगांत इन्सुलिन वेळेवर न मिळाल्यानें आजहि मुलें मरतात. ह्या आक्षेपास आम्ही आडवळणानें उत्तर देणार नाहीं. एकाच कुपीचे पैसे आहेत आणि शेजारच्या घरांतील लेकरास ती पाहिजे आहे, असा प्रसंग आला तर ती लेकरास गेली पाहिजे. ह्यांत वादास जागा नाहीं, आणि जो मांजरावरील मायेनें हें विसरला त्याची माया वाट चुकली असें आम्ही म्हणूं.

परंतु बहुतेक घरांत प्रसंग असा नसतो. आक्षेप घेणाऱ्यास आम्ही नम्रपणें विचारतों कीं, मांजरावर खर्च न केलेला पैसा त्या लेकराच्या घरीं गेला काय? तंबाखू, लग्नांतील वाजंत्री, सणांतील डामडौल ह्यांवरील खर्चास कोणी गरिबांच्या नांवानें अडवीत नाहीं. एका मुक्या प्राण्याच्या औषधाची गोष्ट निघाली म्हणजे मात्र गरिबांची आठवण होते. जर्मन तत्त्ववेत्ते कांट ह्यांचें म्हणणें असें होतें कीं, जनावरांप्रत आपलें थेट कर्तव्य कांहीं नाहीं, तथापि त्यांच्याशीं क्रूरपणें वागणारा माणसांशींहि कठोर होतो, म्हणून त्यांस दयेनें वागवावें. इंग्रज विचारवंत बेंथम ह्यांनीं १७८९ सालीं ह्याहून पुढें जाऊन असें प्रतिपादन केलें कीं, जनावरास बुद्धि आहे कीं नाहीं, वाचा आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें कारण नाहीं. त्यास वेदना होतात कीं नाहीं हें पाहावें. आमचा कल बेंथम ह्यांच्याकडे आहे. परंतु कांट ह्यांच्या मतानेंहि एक कसोटी हातीं येते. ज्याच्या घरीं रोगी मांजर आहे त्यानें स्वतःस विचारावें कीं, ह्या सेवेनें मी शेजाऱ्याच्या दुखण्यास अधिक धांवून जातों, कीं त्याच्याकडे पाठ फिरवितों? पहिलें असेल तर खर्च वायां गेला नाहीं.

शिवाय हें औषध कोठून आलें हेंहि आठवावें. १८८९ सालीं स्ट्रासबर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग ह्यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढिलें, तेव्हां त्यास मधुमेह झाला, आणि रोगाचें मूळ कोठें आहे तें कळलें. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट ह्यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन वेगळें केलें. मॅक्लाउड ह्यांचें साह्य व कॉलिप ह्यांचें शुद्धीकरणाचें काम त्यास लाभलें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास तें प्रथम टोचण्यांत आलें. औषध अधिक शुद्ध करून त्याच महिन्यांत पुन्हा दिल्यावर त्याची साखर उतरली, व तो वांचला. त्यानंतर साठ वर्षेंपर्यंत माणसांस लागणारें इन्सुलिन कत्तलखान्यांतील गाईबैल व डुकरें ह्यांच्या स्वादुपिंडांतून काढीत. १९८२ सालीं जंतूंकडून तयार करविलेलें मानवी इन्सुलिन वापरांत आलें. म्हणजे आमच्या आजाआजींचे जे प्राण ह्या औषधानें वांचले ते मुक्या जनावरांच्या जिवावर वांचले. येवढ्यावरून प्रत्येकानें मांजर पाळलेंच पाहिजे असें सिद्ध होत नाहीं. परंतु इन्सुलिन ही माणसाची एकट्याची मिरास आहे, जनावराचा तिजवर कांहीं हक्क नाहीं, असें म्हणावयास मात्र आमची जीभ रेटत नाहीं.

इतकें सांगून झाल्यावर उलट बाजूहि सांगितली पाहिजे. ज्यास हें जमणार नाहीं त्यानें तें अंगावर घेऊं नये, आणि न घेण्यांत कांहीं पाप नाहीं. जो पहांटे शेतावर जातो तो रात्रींच परततो, ज्याच्या घरांत औषध थंड ठेवण्याची सोय नाहीं, ज्याच्या गांवापासून पशुवैद्य दिवसभराच्या वाटेवर आहे, त्यानें केवळ कळवळ्याच्या भरांत हो म्हणणें म्हणजे त्या जिवास पुन्हा एकदां टाकणेंच होय. दोन महिने हौस आणि तिसऱ्या महिन्यांत कंटाळा, ह्यापेक्षां पिंजऱ्यापुढून निघून जाणें बरें. तसेंच, घेणाऱ्यानें काम स्वतः करावें. जॉन्सन ह्यांनीं कालवें आणण्याचें ओझें नोकरांवर टाकिलें नाहीं. आमच्या घरांत तें ओझें मुकाट्यानें सुनेवर पडतें. धनी म्हणतो, 'मी मांजर वांचविलें,' आणि पहांटे उठून सुई देते ती दुसरीच. अशी दया फुकटची होय. आणि रोग हाताबाहेर जाऊन केवळ यातना उरल्या, व आतां वेदनेवांचून मरण द्यावें असें पशुवैद्यानें सांगितलें, तर तेंहि ऐकण्याचें धैर्य पाहिजे. आपल्यास सोडवत नाहीं म्हणून त्यास तळमळत ठेवणें ही माया नव्हे.

आतां माणसांच्या संसारावर पडणाऱ्या उजेडाची गोष्ट. 'रोग ठाऊक असतां कोण घेतो?' हें वाक्य आश्रमांतील पिंजऱ्यापुढें बोललें जातें, आणि आमच्या गांवांत माणसांविषयींहि तेंच बोललें जातें. मुलीस लहानपणींच मधुमेह झाला असेल तर आईबाप तो लपवितात, कारण कळलें तर स्थळ फिरेल. मग ती सासरीं चोरून सुई घेते, किंवा भीतीनें घेतच नाहीं, आणि जिवास मुकण्याची पाळी येते. मुलीची व मांजराची बरोबरी आम्ही करीत नाहीं. परंतु धडधाकट तेवढेंच पदरीं घ्यावें, दुखणाइताला दाराबाहेर ठेवावें, ही मनाची संवय एकच आहे, आणि ती लहान ठिकाणीं मोडली तर मोठ्या ठिकाणींहि सैल पडते. ज्या घरांतील मुलांनीं रोज ठराविक वेळीं एका रोगी जिवाची सुई भरतांना पाहिली आहे, त्यांस मधुमेह म्हणजे शाप वाटत नाहीं. ती सांभाळण्याची गोष्ट आहे हें तीं जाणतात.

म्हणून ज्यांच्या घरचें लाडकें जनावर गेलें आहे त्यांच्याकडे जाणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस आमची सूचना अशी. त्यांस हंसूं नये. दुसऱ्या दिवशीं पिल्लू नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवूं नये. दुःखास त्याचा वेळ द्यावा. गेलेल्याचें नांव त्यांनीं काढलें तर ऐकून घ्यावें. पुढें केव्हांतरी तेंच म्हणतील कीं हात रिकामे वाटतात. तेव्हां कोठें एखादा म्हातारा, रोगी, कोणास नको असलेला जीव असेल तर त्याची माहिती त्यांस द्यावी. रोज किती वाजतां काय करावें लागतें, खर्च किती, धोका कोणता, हें सर्व आधीं सांगावें, आणि निवड त्यांच्यावर सोपवावी. त्यांनीं नको म्हटलें तर दोष देऊं नये. हो म्हटलें तर पहिले आठ दिवस सुई देण्याच्या वेळीं सोबतीस जावें, कारण सुरुवातीस हात कांपतो.